गाडीच्या पोटाखालचा माणूस

हिराजी मिस्त्रींशी ओळख झाली तेव्हा पहिला अर्धा तास मी त्यांच्या पावलांशीच बोलत होते. टाचा भेगाळलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख काळं. बाकीचा माणूस आमच्या गाडीच्या पोटाखाली गोणपाटावर उताणा. मी विचारलं, काय वाटतंय मिस्त्री? पावलं गप्प. आमचे हे म्हणाले, एकाच मालकाने वापरलीय हो, अगदी जपून. पावलं गप्प. मग खालून एक हात बाहेर आला, त्याने आम्हाला तोंड बंद ठेवायची खूण केली आणि परत आत गेला. असा हात मी स्वतःच्या नवऱ्यालाही कधी दाखवू दिला नाही, तर हा कोण टिकोजीराव लागून गेला, असं मनात आलं. पण गाडी त्यांच्या शेडमध्ये आणि आम्ही गरजू, म्हणून गिळलं.

गरज अशी होती. आमची मीनल पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मुंबईहून लाँचने मांडव्यापर्यंत काही प्रश्न नव्हता. पण मांडव्याहून रेवदंड्यापर्यंतचा रस्ता, म्हणजे ज्याला सरकार रस्ता म्हणतं तो, पोटुशी बाईला दाखवण्यासारखा नव्हता. शिवाय वेळीअवेळी अलिबागला दवाखान्यात न्यायचं तर दारात गाडी हवी. मी म्हटलं, साधी छोटी बघा. आमच्या ह्यांनी जन्मभर कचेरीत खर्डेघाशी केली, त्यामुळे निवृत्त झाल्याबरोबर त्यांना वाघ बघायला जाणाऱ्या माणसाची गाडी हवी झाली. काशीदला बंगला असलेल्या एका मुंबईकराची बारा वर्षांची, उंच, सात जणांची एसयूव्ही त्यांनी मला न विचारता पक्की केली आणि आणलीसुद्धा. दारात आल्यावर मग ती तपासायला नेली. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायची, तसला कारभार.

मिस्त्रींची शेड खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. एका अंगाला बोंबील वाळत घातलेले, दुसऱ्या अंगाला ओढून ठेवलेल्या होड्या. मिस्त्रींचे वडील होड्यांचे सुतार होते. फळीवर हातोडी मारायचे आणि आवाजावरून ती कुठे कुजलीय ते सांगायचे. मुलाने तीच विद्या लोखंडाला लावली. आमच्या किनाऱ्यावरचा वारा असा, की घराच्या खिडकीची कडी तीन वर्षांत हातात येते, तिथे गाडीची काय कथा. मिस्त्री इंजिनाला हात लावायचे नाहीत, एसीबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत, आणि सीट कव्हर दाखवणाऱ्याकडे तर असं बघायचे, की त्या माणसाला आपल्या अंगात कपडे आहेत ना याची खात्री करून घ्यावीशी वाटे. "वरनं रंग बगाचा, खालनं गाडी," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

त्यांचे निकालही मोजकेच होते. एक 'मेली'. दुसरा 'दवाखाना'. तिसरा 'चालंल'. याच्या वर काही नव्हतं. 'चांगली आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस रेवदंड्यात नाही. अलिबागपासून मुरुडपर्यंत जुनी गाडी घेणारा माणूस मात्र त्या 'चालंल'साठी त्यांच्या शेडसमोर ताटकळत उभा राहायचा.

काम करायची पद्धत ठरलेली. पुढच्या चाकापासून सुरुवात. उजव्या हातात छोटी हातोडी, डाव्या हाताचा पंजा लोखंडाला टेकवलेला, डोळे मिटलेले. वीतभर पुढे सरकायचं आणि एक ठोका मारायचा. त्या वेळात शेडमध्ये कोणी बोलायचं नाही. त्यांची बायको जनाबाई सुकी मासळी विकायला बाहेरच बसायची, तीसुद्धा गिऱ्हाइकाशी हाताने भाव करायची. समोरच्या घरातला मिक्सर बंद करायला लावलेला मी स्वतः पाहिलाय. कीर्तनकाराला मिळत नाही एवढी शांतता ह्या माणसाला लागायची. मला तो सगळा दिखाऊपणा वाटायचा आणि तसं मी जनाबाईला म्हणालेही होते. ती बोंबील सारखे करत राहिली.

तर त्या दिवशी अर्ध्या तासाने मिस्त्री बाहेर आले. केसांत गंजाचे तुकडे, भुवईवर चिखल. त्यांनी ह्यांना विचारलं, खालचं काळं कोटिंग कधी केलंय? हे खुलले. म्हणाले, गेल्याच महिन्यात, मालकाने स्वतः उभं राहून करून घेतलंय, फार माया त्याची गाडीवर. मिस्त्रींनी अंगावरचा चिखल झटकला.

"इकाच्या आदल्या महिन्यात कोनाला माया येते, भाऊ?"

मग मिस्त्रींनी आम्हा दोघांना वाकून बघायला लावलं. ते चकचकीत काळं कोटिंग जागोजागी पुरीसारखं फुगलं होतं. स्क्रूड्रायव्हरने जरा उचकटलं तर खालून तपकिरी पापुद्र्यांचा थर हातात आला. दाराखाली जी लांब पोकळ पट्टी असते तिला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. मायाळू मालकाच्या कोटिंगने ती सगळी बुजवून टाकली होती. मिस्त्रींनी तार घालून एक भोक मोकळं केलं तर आतून धार लागली. त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवलं आणि, मी नको नको म्हणेपर्यंत, जिभेला लावलं.

"खारं हाय. समिंद्रात घातलेली."

काशीदच्या ओल्या वाळूत गाड्या पळवून फोटो काढणारी जमात आम्हाला नवीन नाही. लाटेत चाकं भिजवायची, मग घरी जाऊन वरून शांपूने आंघोळ घालायची, आणि खाली मीठ तसंच ठेवून द्यायचं. तसली गाडी आमच्या दारात आली होती. निकाल 'दवाखाना' लागला. मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात ते एवढं वाचायला शिकले आहेत.

मिस्त्रींच्या जिभेचा आणखी एक किस्सा त्याच आठवड्यात झाला. एक तरुण गृहस्थ तसलीच एक मोठी गाडी घेऊन आले. हातात फोन, फोनमध्ये कुठल्याशा तपासणीचा अहवाल, त्यात दीडएकशे मुद्द्यांसमोर हिरव्या खुणा. ते मिस्त्रींना एकेक मुद्दा वाचून दाखवायला लागले. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले, मान डोलावत राहिले, वाचन संपल्यावर गाडीखाली गेले आणि चौथ्या ठोक्याला हातोडी ड्रायव्हरच्या पायाखालून आत शिरली. आतलं कार्पेट उचललं तर जमीन दिसत होती. बरं, गृहस्थांनी हातोडीवरच आरोप केला, की ती जास्त जोरात मारली. मिस्त्रींनी गळून पडलेला तुकडा वर्तमानपत्रात बांधला, त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, ह्याचाबी फोटो काढून लावा त्यात, एक मुद्दा ऱ्हायलाय.

आमच्या गाडीचा दवाखाना दोन आठवडे चालला. आधी रोज विहिरीच्या गोड्या पाण्याने पोट धुवायचं. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, वरच्या कडेला, जिथे कोणाचा हात जात नाही, तिथे साठलेला चिखल बोटांनी काढायचा, कारण गंज तिथेच बसून खातो. मग उन्हात वाळवायची. जिथे ठोका फुसका लागला तिथलं कोटिंग पार खरवडायचं, तारेचा ब्रश मारून लोखंड पांढरं करायचं, रेडऑक्साईड लावायचं. उजव्या बाजूला चासीला एक भोक सापडलं, तिथला सडका भाग कापून नवी प्लेट वेल्डिंग केली. जिथे ठोका खणखणीत लागला तिथे मात्र हात लावायचा नाही, असा नियम. चांगल्या जागेचं कोटिंग उगाच काढलं तर वारा उद्यापासून तिलाही खायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सगळं काही त्या ठोक्यावर अवलंबून. पुढे वाचताना हे वाक्य लक्षात ठेवा, माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

शेवटचं औषध म्हणजे माशाचं तेल. आमच्याकडे होड्यांना लावतात तेच. पोकळ पट्ट्यांच्या आत ते पिचकारीने सोडायचं, म्हणजे सांध्यासांध्यात झिरपतं. झिरपतं खरं, आणि वासही सुटतो. गाडी घरी आली त्या दिवसापासून रेवदंड्यातल्या यच्चयावत मांजरांनी तिच्याखाली मुक्काम ठोकला. हे सकाळी गाडी काढायला गेले की आधी पाच मिनिटं मांजरं हाकलायचे. मी मिस्त्रींकडे तक्रार नेली तर म्हणाले, मांजर बसतंय तवर तेल हाय, मांजर उठलं की घेऊन या. वाघ बघायला निघालेल्या माझ्या नवऱ्याच्या नशिबी हे आलं.

त्यात ह्यांनी स्वतःचीही कामगिरी बजावली. बंदरावर पापलेट स्वस्त मिळाली म्हणून बर्फातल्या दोन पेट्या मागच्या बाजूला टाकून आणल्या. बर्फ वितळला, खारं पाणी कार्पेटखाली गेलं. ही चूक करायला माणूस किनाऱ्यावरच जन्मावा लागतो. दोन आठवडे मीठ धुवून काढायचं आणि एका दुपारी हौसेने परत भरायचं. मिस्त्रींनी ह्यांना एक अक्षर सुनावलं नाही. बादली हातात दिली, गोणपाट अंथरून दिलं आणि स्वतः स्टुलावर बसून ह्यांच्याकडून गाडीचं पोट धुवून घेतलं. कचेरीतला साहेब तीन तास गाडीखाली. मला त्या दिवशी हिराजी मिस्त्री पहिल्यांदा आवडले.

एका गुरुवारी शेवटची तपासणी झाली. शेड चिडीचूप. पुढून मागे ठोके गेले. ह्या वेळी मिस्त्री नेहमीपेक्षा सावकाश सरकत होते, एका जागी दोन-दोन ठोके मारत होते, आणि पंजा लोखंडाला इतका दाबलेला की बोटांची टोकं पांढरी पडली होती. मला वाटलं, वयाने हात दुखत असतील. बाहेर येऊन त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं, चालंल. ह्यांनी मला टाळी द्यायला हात पुढे केला. मी दिली. मीनल रविवारी येणार होती.

रविवारी सकाळी हे आंघोळ करून, गाडीला हार घालून, मांडव्याला निघायच्या तयारीत. मागच्या सीटवर मी चार उशा रचलेल्या. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतून हिराजी मिस्त्री उतरले, काखेत गोणपाट, हातात हातोडी, मागून जनाबाई. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. ते गाडीसमोर येऊन उभे राहिले.

"पोरीला ह्यात आनाची न्हाय. आधी तुमी वाजवा, वैनी. मना आयकू येत न्हाय."

मला आधी कळलंच नाही काय म्हणतायत. शेजारचे दोघं कुंपणापाशी आले होते, आमच्याकडे उतरलेले पुण्याचे पाहुणे ओसरीवर चहा पीत होते, आणि हा माणूस सगळ्यांदेखत उभा राहून सांगत होता. बाकीचं जनाबाईने सांगितलं. ग्राइंडरच्या आवाजात जन्म गेला, कान कधीपासून जात होते. फोन तीच घ्यायची. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मिस्त्री तोंडाकडे बघून समजून घ्यायचे. थोडं ऐकू येत होतं ते टिपायला सगळ्यांना गप्प करायचे, पंजाने लोखंडाची थरथर धरायचे, आणि आतापर्यंत निभावलं होतं. काल तिच्या हातून त्यांच्या मागे पितळेची कळशी पडली. अंगणातली कोंबडी उडाली, मिस्त्री मात्र हललेसुद्धा नाहीत. त्यानंतर ते जेवले नाहीत. सारखं एकच म्हणत होते, गुरुवारी मी काय आयकलं?

मला माझ्या तोंडाची लाज वाटली. ज्याला मी दिखाऊपणा म्हणत होते, ती त्या माणसाची धडपड होती. आणि तीही मी जाऊन नेमकी जनाबाईलाच बोलून दाखवली होती.

हे म्हणाले, अहो मिस्त्री, तुमचा हात काय चुकतोय, लाँच सुटली असेल आता, मला निघू द्या. मी ह्यांच्या हातातून चावी काढून घेतली. मग साडीचा पदर खोचला आणि गोणपाटावर आडवी झाले. ओसरीवरचे पाहुणे चहा विसरले. मिस्त्री शेजारी सरकले, हातोडी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, मला काय कळणार? त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं.

"वाडीतला नारळ वाजवून घेता ना? तसाच."

नारळ मला कळतो. मी ठोके मारत गेले. खण. खण. उजवीकडची नवी प्लेट, खण. मग डावीकडे, मागे, जिथे पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, चासीला लटकतो त्या ब्रॅकेटपाशी आले आणि ठोका बद्द लागला. परत मारला. बद्द. आतून सडलेल्या नारळाचा आवाज. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते, तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी ती जागा खरवडली. काळ्या कोटिंगखाली भोक बुजवायची पुट्टी होती, पुट्टीखाली पत्र्याची जाळी दाबून बसवलेली. वरून हात फिरवला तर जागा सपाट आणि घट्ट. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

मांडव्याच्या वाटेवर एखाद्या खड्ड्यात तो पाटा सुटला असता. मागे चार उशा आणि त्यात माझी सात महिन्यांची पोटुशी पोर. मी गाडीखाली पडल्या पडल्या रडले. मिस्त्रीही शेजारी उताणे होते. त्यांच्या डोळ्यांत गंज गेला होता की काय गेलं होतं, ते मी विचारलं नाही.

मीनल लाँचबरोबरच्या बसने अलिबागला उतरली. तिथून मी तिला रिक्षात दोन उशांवर बसवून घरी आणलं. रिक्षावाल्याला एवढ्या शिव्या दिल्या, की त्याने सगळी वाट सायकलच्या वेगाने चालवली. पुढचे आठ दिवस मी रोज शेडमध्ये जात होते. मी वाजवायचे, मिस्त्री माझं तोंड बघायचे आणि कापायचे. मीनलची वेळ भरली तेव्हा आम्ही तिला त्याच गाडीतून अलिबागला नेलं. वाटेत हे प्रत्येक खड्ड्यापाशी देवाचं नाव घेत होते, मी घेतलं नाही. मी वाजवलेली गाडी होती.

मिस्त्रींनी मात्र त्यानंतर तपासायला नवीन गाडी घेतली नाही. उलट गेल्या वर्षभरात ज्यांना ज्यांना 'चालंल' म्हटलं होतं, त्यांच्या दारात जनाबाईला घेऊन गेले. ती वाजवायची, मिस्त्री तिचं तोंड बघायचे. काहींनी चहा दिला. काहींनी, ज्यांच्या गाड्या ठणठणीत निघाल्या त्यांनीच बरं का, दारातच ऐकवलं, की बहिऱ्याने इतके दिवस गावाला फसवलं. काहीच ऐकू न येण्याचा मिस्त्रींना तेवढा एक फायदा झाला. मग शेडला कुलूप लागलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते परवा, होड्या ओढून ठेवतात तिथे. आम्ही गाडीतून चाललो होतो, मांडीवर नात. मिस्त्री एका होडीच्या सावलीत बसले होते. गाडी बघून उठले, जवळ आले. नातीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वाकून दाराखालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, ते जिभेला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नातीला घेऊन खाली उतरले, त्यांना नीट दिसेल असं तोंड करून म्हणाले, चालंल.

ते हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या शब्दावर काडीचाही विश्वास न ठेवता, गोणपाटही न घेता, तसेच वाळूवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. बाहेर राहिली ती पावलं, टाचा भेगाळलेल्या, डाव्या अंगठ्याचं नख काळं. हे इंजिन बंद करून खाली उतरले. नात कुरकुरायला लागली तशी मी तिला खांद्यावर घेऊन थोपटलं, आणि खालून हात यायच्या आधीच आम्ही सगळे गप्प उभे राहिलो.